सह्याद्रीचा हिशेब

सह्याद्रीचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गडकोट उभे राहतात. ते योग्यच आहे. परंतु गडांच्या आधीही डोंगर होता आणि त्याच्या आश्रयाने कष्टकरी माणूस राहत होता. त्याचा माग कोणी काढला? पुण्याच्या डेक्कन कॉलेजने.

1939 साली ही संस्था संशोधनासाठी पुन्हा सुरू झाली. तेथील डॉ. हसमुख सांकलिया यांनी सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्यांची खोरी पायाखाली घातली. 1950-51 साली त्यांनी व शां. भा. देव यांनी आपल्या नाशकात, गोदाकाठच्या मातीच्या गढीवर, आणि संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठी जोर्वे येथे उत्खनन केले. हाती आली ती रंगविलेली मडकी, दगडाची बारीक पाती आणि जोर्व्याच्या तांब्याच्या कुऱ्हाडी. सातवाहनांच्या कितीतरी शतके आधी येथे संसार थाटले होते, हे त्या खापरांनी सांगितले.

खापरे मुकी असतात. पांडवलेणी मात्र बोलतात. 10 व्या लेण्यातील लेख आम्हां कामगार चळवळीतील माणसांना विशेष जवळचा वाटतो. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षूंसाठी गोवर्धनच्या विणकरांकडे 3000 कार्षापणे ठेवली. त्यांपैकी 2000 एका श्रेणीकडे, दरमहा दर शेकडा एक या व्याजाने. वर्षाचे झाले 240. म्हणजे वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा. उरलेली 1000 दुसऱ्या श्रेणीकडे, पाऊण टक्क्याने. मुद्दल परत मागावयाचे नाही, व्याज तेवढे घ्यावयाचे!

श्रेणी म्हणजे आजची कामगार संघटना नव्हे, हे आम्ही जाणतो. तरी राजघराण्यातील माणसाने कायमची ठेव विणकरांच्या एकजुटीवर सोपवावी, ही पत लहान नव्हे. शिवाय हा व्यवहार निगमसभेत जाहीर केला गेला आणि रीतसर नोंदवला गेला.

आमचे म्हणणे एवढ्यासाठीच आहे. नाशिक-जोर्व्याचा अहवाल 1955 साली निघाला, तो इंग्रजीत. विद्वानांना तो हवाच. पण ज्या मातीतून ज्ञान उचलले, त्या मातीत राबणाऱ्याला ते कळू नये काय? पेठ, सुरगाणा, इगतपुरीच्या पाड्यांवर जाऊन विद्यापीठांनी कोकणा, वारली, महादेव कोळी बांधवांची गाणी, देव, बियाणी अवश्य टिपावीत. मात्र परतण्यापूर्वी टिपलेले सारे त्यांच्याच बोलीत गावापुढे वाचून दाखवावे. लोकांचे जे घेतले, त्याचा हिशेब चारचौघांत द्यावा, ही या डोंगराची जुनीच रीत आहे.