अरबांना विचारलं होतं, १९१९ साली

मध्यपूर्वेत कुठे काही पेटलं की चहाच्या टपरीपासून ऑफिसच्या कँटीनपर्यंत एक वाक्य हमखास ऐकू येतं. "अरबांना लोकशाही झेपत नाही हो! त्यांना एकतर मौलवी लागतो, नाहीतर हुकूमशहा." वाक्य वापरून वापरून इतकं गुळगुळीत झालंय, की बोलणाऱ्याला कुणी अडवून विचारत नाही, 'बाबा रे, हे तुला त्यांनी सांगितलं का? त्यांना कुणी विचारलंय का कधी?'

तर मंडळी, विचारलंय. आणि तेही शंभराहून अधिक वर्षांपूर्वी. या शनिवार-रविवारी त्याचीच गोष्ट.

पहिलं महायुद्ध संपलं, तुर्कांचं ऑटोमन साम्राज्य कोसळलं आणि आजचे सीरिया, लेबनॉन, जॉर्डन, इस्राएल-पॅलेस्टाईन हा सगळा पट्टा मोकळा पडला. मोकळा म्हणजे काय, ब्रिटन आणि फ्रान्सने १९१६ सालीच गुपचूप सायक्स-पिको करार करून तो आपापसात वाटून घेतला होता. १९१७ साली बाल्फोर जाहीरनाम्यात ब्रिटनने पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय घराला पाठिंबाही देऊन टाकला होता. पण पॅरिसच्या शांतता परिषदेत अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन स्वयंनिर्णयाची भाषा बोलत होते. त्या भाषेने जगभरच्या गुलाम देशांना आशा लावली होती. आपले टिळकही तेव्हा लंडनमध्येच होते. काँग्रेसने त्यांना परिषदेसाठी प्रतिनिधी म्हणून निवडलं होतं, पण पॅरिसला जायची परवानगी काही मिळाली नाही. शेवटी त्यांनी परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना पत्र लिहून भारताची बाजू मांडली.

सीरियाच्या बाबतीत विल्सन म्हणाले, तिथल्या लोकांनाच विचारूया. ठरलं असं, की सगळ्या मित्रराष्ट्रांनी मिळून एक आयोग पाठवायचा. फ्रान्सने माणसं पाठवलीच नाहीत, मग ब्रिटननेही अंग काढून घेतलं. उरले दोन अमेरिकन. एक हेन्री चर्चिल किंग, ओबर्लिन कॉलेजचे अध्यक्ष. दुसरे चार्ल्स क्रेन, शिकागोतल्या नळ-व्हॉल्व्ह बनवणाऱ्या बड्या घराण्यातले. या जोडीमुळे आयोगाचं नाव पडलं किंग-क्रेन आयोग.

१० जून १९१९ ला ही मंडळी जाफा बंदरात उतरली आणि पुढचे सहा आठवडे उन्हातान्हात ३६ गावं फिरली. शेख, पाद्री, रब्बी, व्यापारी, गावचे मुखिया अशी शिष्टमंडळं येत, बोलत आणि लेखी अर्ज देऊन जात. एकूण अर्ज जमले १,८६३. त्यांचं वर्गीकरण करून, टक्केवारी काढून अहवालात तक्ते दिले गेले. गॅलप वगैरे मंडळींचे जनमत चाचण्यांचे उद्योग सुरू व्हायला अजून दीड दशक अवकाश होता, हे लक्षात घ्या!

आकडे काय म्हणत होते? सीरियाचे तुकडे करू नका, असं म्हणणारे ८० टक्के. पूर्ण स्वातंत्र्य हवं, ७३ टक्क्यांहून जास्त. पॅलेस्टाईनबद्दलच्या झायनिस्ट योजनेला विरोध, ७२ टक्के. परक्याची मदत घ्यावीच लागली तर अमेरिकेची घेऊ, असं साठ टक्के. फ्रान्सला पहिली पसंती देणारे जेमतेम १५ टक्के. आणि आपल्या विषयाचा आकडा म्हणजे लोकशाही पद्धतीचं राज्य, घटनेने बांधलेला राजा, अशी मागणी जवळपास ६० टक्के अर्जांत होती.

आता आमच्यासारखी डेटात नाक खुपसणारी माणसं लगेच विचारणार, सँपल कसं होतं? प्रश्न रास्त आहे. सँपल वाकडंच होतं. अनेक अर्जांची भाषा सारखी होती, म्हणजे कुणीतरी मजकूर छापून वाटला होता. अमीर फैसलच्या ताब्यातल्या भागात एक दबाव, फ्रेंचांच्या ताब्यातल्या किनारपट्टीवर उलटा दबाव. लेबनॉनच्या मॅरोनाइट ख्रिश्चनांना फ्रान्सच हवा होता, आणि त्यांची बहुसंख्य मुसलमानांच्या राज्याची भीती खोटी नव्हती. बायकांचा आवाज तर नावालाच. गंमत म्हणजे यातलं बरंचसं आयोगाने स्वतःच अहवालात लिहून ठेवलंय. पण वाकड्या सँपलमधूनही फ्रान्स नको हे इतक्या ठळकपणे दिसत होतं, की ते न दिसायला डोळे मिटूनच घ्यावे लागले असते.

ते मिटले गेले. ऑगस्टच्या अखेरीस अहवाल पॅरिसमध्ये अमेरिकन शिष्टमंडळाकडे गेला आणि फायलीत बंद झाला. ऑक्टोबरमध्ये विल्सन यांना पक्षाघाताचा झटका आला. अहवाल छापून बाहेर आला डिसेंबर १९२२ मध्ये, 'एडिटर अँड पब्लिशर' या वृत्तपत्र व्यवसायाच्या अमेरिकन साप्ताहिकात. त्याआधी पाच महिने राष्ट्रसंघाने सीरिया फ्रान्सच्या आणि पॅलेस्टाईन ब्रिटनच्या पदरात टाकण्यावर शिक्का मारला होता. आमच्या धंद्यात हा प्रकार सगळ्यांच्या ओळखीचा आहे. युजरला बोलावून त्याच्या गरजा विचारायच्या, वहीत नीट उतरवून घ्यायच्या, आणि मग वरच्यांनी आधीच ठरवलेलं तेच बनवायचं.

पण दमास्कसचे लोक निकालाची वाट बघत बसले नव्हते. वेगवेगळ्या भागांतून आलेल्या प्रतिनिधींची सीरियन काँग्रेस तिथे भरली होती. ८ मार्च १९२० ला तिने स्वातंत्र्य जाहीर केलं, फैसलला राजा केलं आणि घटना लिहायला घेतली. मे महिन्यात तिच्या अध्यक्षपदी कोण बसलं? रशीद रिदा. कैरोहून 'अल-मनार' हे मासिक काढणारा, इस्लामी सुधारणेचा मोठा पंडित, पक्का धार्मिक माणूस. आणि त्याच्या काँग्रेसने तयार केलेल्या मसुद्यात काय होतं? राज्य नागरी आणि प्रातिनिधिक असेल. राजाचा धर्म इस्लाम असेल. बस्स. राज्याचा धर्म कुठला, हे कलम नाहीच! अल्पसंख्याकांना संरक्षण आणि प्रांतांना अधिकार होते. बायकांना मत द्यावं का, यावरही एप्रिलमध्ये तावातावाने वाद झाला. निर्णय न घेता तो विषय बाजूला पडला हे खरं, पण तेव्हा फ्रान्समध्येही बायकांना मत नव्हतं.

मंत्रिमंडळ काँग्रेसला जबाबदार असावं यावर फैसल कुरकुरला, की ही काँग्रेस मीच तर उभी केली. रिदाने त्याला तोंडावर सुनावलं, की तू नव्हे, काँग्रेसने तुला राजा केलंय. आलिम राजाला सांगतोय की सत्ता प्रतिनिधींकडून येते. 'धर्म विरुद्ध लोकशाही' या आपल्या लाडक्या चौकटीत हे दृश्य बसवून दाखवा पाहू!

२४ जुलै १९२० ला मैसलूनच्या खिंडीत फ्रेंच फौजेने सीरियाचं तुटपुंजं सैन्य काही तासांत मोडलं. युद्धमंत्री युसुफ अल-अझ्मा लढताना मारला गेला. दुसऱ्या दिवशी फ्रेंच दमास्कसमध्ये शिरले. घटना मसुद्यातच राहिली. रिदाचा पाश्चात्त्यांवरचा विश्वास उडाला. पुढे तो खिलाफतीकडे आणि सौदी राजवटीच्या समर्थनाकडे वळला. त्याचे वाचक असलेल्या हसन अल-बन्नाने १९२८ साली मुस्लिम ब्रदरहूड काढली. एका लढाईतून हे सगळं निघालं असं मी म्हणणार नाही. पण धार्मिक लोक आणि उदारमतवादी एका टेबलाशी बसून घटना लिहीत होते, ते टेबल कुणी उलथवलं हे विसरून चालणार नाही.

त्यानंतर कितीतरी वर्षं बहुतेक अरब देशांत लोकांना मोकळेपणी विचारायची सोयच नव्हती. आधी परकी सत्ता, मग राजे आणि लष्करशहा. २००६ पासून 'अरब बॅरोमीटर' हा प्रकल्प घरोघर जाऊन मुलाखती घेऊ लागला, आणि उत्तरं १९१९ ची आठवण करून देणारी निघाली. 'अडचणी असतील, पण लोकशाहीच बरी' असं म्हणणाऱ्यांचं बहुतेक ठिकाणी स्पष्ट बहुमत. लोकशाही म्हणजे काय विचारलं तर अनेकांच्या उत्तरात निवडणुकीच्या बरोबरीने, कधी तिच्याही आधी, पोटापाण्याच्या गोष्टी. धर्माबद्दल तर आकडे सारखे हलतात. २०१९ मध्ये बातमी आली, की स्वतःला 'धार्मिक नाही' म्हणवणारे काही वर्षांत ८ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर गेले, इस्लामी पक्षांवरचा विश्वासही घसरला. 'अरब धर्म सोडताहेत' असे मथळे झळकले. आणि २०२१-२२ च्या फेरीत अनेक देशांतली तरुण मंडळी पुन्हा धर्माकडे वळलेली दिसली. म्हणजे माणसं हलतात, बदलतात, परिस्थिती बघून मत बनवतात. आपल्यासारखीच की!

त्याच २०२१-२२ च्या फेरीत एक काळजीची गोष्टही दिसली. लोकशाहीत अर्थव्यवस्था कमजोर राहते, असं म्हणणारे खूप वाढले होते. ट्युनिशियात हे प्रत्यक्ष घडलं. २०११ ची क्रांती, २०१४ ची घटना (तिच्यातही 'नागरी राज्य' हे शब्द होते), आणि दशकभर बेकारी तशीच. २५ जुलै २०२१ ला अध्यक्ष कैस सईद यांनी संसद गोठवली, तेव्हा अनेकांनी रस्त्यावर येऊन जल्लोष केला. पण डिसेंबर २०२२ मध्ये नव्या नियमांनी संसदेची निवडणूक झाली, तेव्हा मतदान झालं ११ टक्क्यांच्या आसपास. हेही एक जनमतच, फक्त ते तक्त्यात लिहायला रकाना नसतो.

आणि सीरिया? डिसेंबर २०२४ मध्ये असद राजवट कोसळली. मार्च २०२५ मध्ये पाच वर्षांच्या संक्रमणासाठी घटनात्मक जाहीरनामा निघाला. त्यात अध्यक्षाचा धर्म इस्लाम, आणि इस्लामी न्यायशास्त्र हा कायद्याचा मुख्य आधार. दुसरा भाग रिदाच्या काँग्रेसच्या मसुद्यात नव्हता. ऑक्टोबर २०२५ मध्ये लोकसभा निवडली गेली ती निर्वाचक मंडळांकडून, सामान्य सीरियन माणसाचं थेट मत न घेता.

दमास्कसमध्ये आज काय मागणी आहे हे मी पुण्यात बसून सांगणं हास्यास्पद ठरेल. पण कँटीनमध्ये पुन्हा कुणी म्हणालं की त्यांना लोकशाही नकोच आहे, तर त्या १,८६३ अर्जांची गोष्ट सांगा. आणि मग विचारा, उत्तर मिळाल्यावर पुढे काय झालं?