जुन्या गोव्याचा पवित्र डोंगर

आमच्या धर्मग्रामांतून संत फ्रान्सिस झेविअर यांच्या दर्शनास जुन्या गोव्यास जाणाऱ्या यात्रेकरूंची संख्या थोडी नाहीं. बों जेझूच्या मंदिरांत गुडघे टेकावेत, कॅथेड्रलची सोन्याची घंटा पाहावी आणि परतीची गाडी गांठावी, असा बहुतेकांचा परिपाठ. मंदिराच्या पश्चिमेस जो लहानसा चढ लागतो, तो चढून जाणारे विरळाच. पोर्तुगीजांनीं त्यास मोंते सांतो, म्हणजे पवित्र डोंगर, असें नांव दिलें होतें. या स्मरणिकेच्या वाचकांस तीच वाट दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे. मंदिर कसें उभें राहतें, याच्या कथा ज्युबिलीच्या वर्षीं आपण पुष्कळ ऐकतों. तें ओस कसें पडतें हें सांगणारी जागा याहून चांगली आम्हांस ठाऊक नाहीं.

चढास लागण्यापूर्वीं पायथ्याशीं क्षणभर थांबावें. बों जेझू हें जेझुइट फादरांच्या मठाचें मंदिर. त्याच मठांत १६२९ सालीं फादर एतिएन द ला क्रुआ यांचें संत पीटरवरील पुराण छापून निघालें. लिपि रोमी, भाषा मात्र मराठी. फादर थॉमस स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण त्याआधीं, १६१६ सालीं, प्रसिद्ध झालें होतें. तेव्हां आपल्या भाषेंतील प्रार्थनेचा एक झरा याच डोंगराच्या कुशींतून वाहिला आहे, आणि ही वाट मराठी भाविकांस परकी नव्हे.

वर चढतांना संत जॉन ऑफ गॉड यांचा मठ लागतो; त्याच्या पलीकडे, किल्ल्याच्या भिंतींसारखे दणकट टेकू दिलेली तीन मजली इमारत दिसते. हा सांता मोनिकाचा मठ. ऑगस्टिनियन संघाचेच आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांनीं १६०६ सालीं त्याचा पाया घातला. १६२७ सालीं काम पुरें झालें. १६३६ सालीं आगीनें त्याची मोठी हानि केली, तरी तो पुनः बांधण्यांत आला. आगीनें जें साधलें नाहीं तें कागदाच्या एका तुकड्यानें साधलें. १८३४ च्या पोर्तुगीज फर्मानानें पुरुषांचे सर्व मठ बंद केले आणि पुढच्याच वर्षीं गोव्यांत त्याची अंमलबजावणी झाली. धर्मभगिनींना कोणी बाहेर काढलें नाहीं. त्यांना एवढेंच बजावण्यांत आलें कीं, नवीन उमेदवार घ्यावयाची नाहीं. मग काय झालें असेल याची कल्पना वाचकांनीं करावी. त्या प्रचंड वास्तूंत प्रार्थनेला बसणाऱ्यांची ओळ वर्षागणिक आंखूड होत गेली, आणि १८८५ सालीं शेवटची भगिनी प्रभूच्या घरीं गेली. आमच्या मतें दरवाजे फोडण्यापेक्षां हा प्रकार अधिक क्रूर होय. सुदैवानें ती वास्तु रिकामी राहिली नाहीं. धर्मभगिनींच्या शिक्षणाची माते देई संस्था १९६४ पासून तेथें आहे, आणि ख्रिस्ती कलेचें संग्रहालयही तेथेंच आहे.

समोरच्या ऑगस्टिनियन मंदिराच्या नशिबीं हें भाग्य नव्हतें. १५७२ सालीं आलेल्या या संघानें १५९७ ते १६०२ या वर्षांत कृपामातेचें मंदिर बांधलें. त्याच्या चार मनोऱ्यांपैकीं एकाचा अर्धा भाग आज उभा आहे; जांभ्याच्या चिऱ्यांचा तो सुळका सुमारें ४६ मीटर उंच भरतो. १८३५ सालीं व्रतस्थ गेले. १८४२ सालीं छताची कमान कोसळली. १९३१ सालीं दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा खालीं आला. तोफ नाहीं, शत्रू नाहीं. पावसाळ्यांत कौल फिरवावयास माणूस नव्हता, एवढेंच. साथींना कंटाळून शहर आधींच रिकामें होत चाललें होतें, आणि जुन्या गोव्याचे पुष्कळ चिरे पणजीच्या इमारतींना लागले. या मंदिराची घंटा मात्र वांचली. कांहीं वर्षें आग्वादच्या दीपगृहांत राहून १८७१ सालीं ती पणजीच्या निष्कलंक मातेच्या मंदिरांत गेली, व तेथें आजही आहे.

याच पडक्या भिंतींत एक आश्चर्य दडलें होतें. जॉर्जियाची राणी केतेवान हिनें ख्रिस्ती श्रद्धा सोडण्यास नकार दिला म्हणून १६२४ सालीं इराणांत शिराझ येथें तिला हालहाल करून मारण्यांत आलें. ती ऑर्थोडॉक्स पंथाची. तरी ऑगस्टिनियन फादरांनीं तिचे कांहीं अवशेष १६२७ सालीं येथें आणून आदरानें ठेवले. पुराणवस्तु खात्याच्या उत्खननांत सांपडलेलें एक हाड हैदराबादच्या शास्त्रज्ञांनीं तपासलें आणि तें जॉर्जियाकडील वंशाशीं जुळणारें ठरलें. २०२१ च्या जुलईंत त्या अवशेषांचा एक भाग हिंदुस्थान सरकारनें जॉर्जियास अर्पण केला. चारशें वर्षें परक्या पंथाच्या संतेची ठेव सांभाळणारे हात कोणाचे, हें आपल्या तरुणांनीं जाणून घ्यावें.

शेजारीं संत अंतोनीचें चॅपेल आहे. या संतास पोर्तुगीज फौजेंत कप्तानाचा हुद्दा होता व पगारही मिळे, असें सांगतात; प्रभूच्या गरीब सेवकास तो पगार कितपत रुचला असेल, कोण जाणे!

वाटेच्या शेवटीं, कड्यावर, जपमाळेच्या मातेचें मंदिर. १५१० सालीं आल्फोन्सो द आल्बुकेर्क येथूनच लढाई पाहत होता व त्यानें नवस केला, असें परंपरा सांगते. सध्याची वास्तु १५४४ नंतरच्या कांहीं वर्षांतील. तलवारीच्या सावलींत बांधलेल्या मंदिराविषयीं आमच्या मनांत संमिश्र भाव उठतात, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. पण आंत, गव्हर्नर गार्सिया द सा याची पत्नी कातेरिना हिच्या स्मारकावरील वेलबुट्टी जरूर पाहावी. दफन पोर्तुगीज बाईचें, परंतु नक्षीचा हात हिंदी कारागिराचा. बाहेर येऊन ओट्यावर टेकलें म्हणजे खालीं मांडवी दिसते. सकाळीं लौकर निघावें. जांभा दुपारीं फार तापतो.