पेनिसिलीनला न जुमानणारे जंतु

पूर्वीं गळवाचें विष रक्तांत भिनलें, कीं धडधाकट मनुष्यहि थोड्या दिवसांत दगावत असे. या व्याधीच्या मुळाशीं बहुधा स्टॅफिलोकोकस नांवाचा, द्राक्षांच्या घडासारखे पुंजके करून राहणारा जंतु असतो. १९२८ सालीं लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयांत अलेक्झांडर फ्लेमिंग यांना एका बुरशीभोंवतीं याच जंतूचे पुंजके विरून गेलेले दिसले, आणि त्यांतूनच पुढें पेनिसिलीन हें औषध जगास लाभलें.

परंतु औषध सर्वत्र पोंचण्यापूर्वींच, १९४० सालीं, ऑक्सफर्ड येथील अब्रहॅम व चेन यांनीं एक चिंताजनक गोष्ट नमूद केली होती. कांहीं जंतु पेनिसिलीनचा नाश करणारें द्रव्य स्वतःच निर्माण करतात! १९४५ सालीं फ्लेमिंग यांनींहि नोबेल व्याख्यानांत इशारा दिला, कीं अपुऱ्या औषधानें जंतु मरत नाहींत, उलट त्याला सरावतात.

रुग्णालयांतील प्रकार मात्र याहून निराळा व अधिक कठीण होता. लंडनच्याच हॅमरस्मिथ रुग्णालयांत जंतुशास्त्रज्ञ मेरी बार्बर यांनीं तो आंकड्यांनिशीं दाखविला. १९४६ सालीं तेथील रोग्यांत सांपडलेल्या स्टॅफिलोकोकसपैकीं शेंकडा १४ पेनिसिलीनला दाद देत नव्हते. १९४७ सालीं हें प्रमाण ३८ वर गेलें आणि १९४८ सालीं ५९ वर! हे जंतु रोग्याच्या शरीरांत हळूहळू निर्ढावले नव्हते. ते मूळचेच पेनिसिलीननाशक होते. गुरांनीं कोंवळें गवत खाऊन टाकावें आणि माळ कांटेरी झुडुपांस मोकळा व्हावा, तसें औषधानें दुर्बळ जंतु मारून यांना रान मोकळें करून दिलें. मग ते एका खाटेवरून दुसरीकडे जाऊं लागले. शुश्रूषा करणाऱ्यांच्या नाकांत त्यांचें बिऱ्हाड असे, आणि पुष्कळदां त्यांचेच हात वाहन होत. बरें होण्यास आलेल्या रोग्यास तेथेंच नवा रोग जडूं लागला.

१९५९ सालीं मेथिसिलीन हें नवें औषध आलें; पण १९६१ सालीं त्यालाहि न जुमानणारे जंतु इंग्लंडमध्यें आढळल्याचें प्रसिद्ध झालें. तथापि आदल्याच वर्षीं बार्बर व त्यांचे सहकारी यांनीं एक आशादायक वृत्तान्त प्रसिद्ध केला होता. हॅमरस्मिथमध्यें पेनिसिलीनचा सरसकट वापर आवरला, औषधें एकेकटीं न देतां जोडीनें दिलीं, आणि प्रतिरोधक जंतूंचें प्रमाण खालीं आलें. आज राखून वापरलेलें औषध उद्यांच्या रोग्याच्या कामीं येतें, हें त्या रुग्णालयानें अनुभवानें सिद्ध केलें.