प्राक्षेपिक गुणांक (रायफलीच्या गोळीचा)

हवेच्या रोधातून जाताना वेग टिकवून धरण्याची गोळीची क्षमता दर्शविणारी संख्या. गोळीच्या वजनाला व्यासाच्या वर्गाने भागून छेदघनता मिळते आणि गोळीला होणारा रोध प्रमाण गोळीच्या किती पट आहे हे आकारगुणक सांगतो. छेदघनतेला आकारगुणकाने भागले की हा गुणांक येतो. तो उत्पादकांच्या सूचीत छापलेला असतो, तथापि त्यावरून मांडलेले गणित आणि दूरच्या लक्ष्यावर पडलेले छिद्र यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही.

या विसंगतीचे मूळ मुख्यतः मापदंडात आहे. रूढ ‘जी १’ प्रमाण गोळी सपाट बुडाची व आखूड नाकाची असून तिचे कोष्टक एकोणिसाव्या शतकातील तोफगोळ्यांच्या चाचण्यांतून आले आहे. लांब पल्ल्याची आधुनिक गोळी मात्र लांब नाकाची व बुडाशी निमुळती असल्याने वेग घटतो तसा तिचा रोध वेगळ्या रीतीने बदलतो, आणि म्हणून एकच ‘जी १’ आकडा सर्व पल्ल्याला लागू पडत नाही. सिएरा कंपनीने ०.३०८ इंच व्यासाच्या १७५ ग्रेन मॅचकिंग गोळीसाठी वेगाच्या उतरत्या टप्प्यांनुसार ०.५०५, ०.४९६ व ०.४८५ असे तीन आकडे दिले, ते यामुळेच. निमुळत्या बुडाच्या ‘जी ७’ प्रमाण गोळीशी तुलना केल्यास हीच गोळी ०.२४ च्या आसपास भरते. आकडा निम्म्यावर आला म्हणून गोळी निकृष्ट ठरत नाही, पण खरेदीदाराला मोठा आकडाच भुरळ घालतो.

मोजण्याची साधने सुधारली तशी अनपेक्षित कारणेही उघड झाली. हॉर्नडी कंपनीने गोळ्यांचा माग डॉप्लर रडारने काढला, तेव्हा जास्त गुणांकाच्या वेगवान गोळ्यांची प्लॅस्टिकची टोके हवेच्या घर्षणाच्या उष्णतेने विरूपित होऊन रोध वाढत असल्याचे दिसले. जवळच्या अंतरावर दोन ठिकाणी वेग मोजून काढलेल्या गुणांकात हा दोष दिसणे शक्य नव्हते. त्यानंतर तिने उष्णतारोधक टोके आणली.

बंदुकीचाही यात वाटा असतो. नळीतील आट्यांचा पीळ गोळीच्या लांबीच्या मानाने सैल असल्यास गोळी किंचित डोलत जाते व प्रत्यक्ष गुणांक घटतो. चाचणीच्या नळीपेक्षा आखूड नळीतून ती मुळातच कमी वेगाने सुटते. पुढे वेग ध्वनिवेगाजवळ, म्हणजे १५° सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३४० मीटरपर्यंत उतरला की दाबकेंद्र सरकून काही गोळ्या डळमळतात, आणि तेथून पुढे कोणताही छापील आकडा फारसा विश्वसनीय राहत नाही.