एक जर्मन जहाज निसटलं आणि पुण्याची फौज इराकमध्ये अडकली

पहिल्या महायुद्धात पुण्याच्या नावाची एक अख्खी फौज इराकमध्ये कैद झाली. तिचं नाव ‘सहावी पूना डिव्हिजन’. तिच्या तीन ब्रिगेड होत्या पुणे, अहमदनगर आणि बेळगावच्या नावाच्या. त्यात मराठा पलटणी होत्या, पंजाबी मुसलमान होते, राजपूत आणि गुरखेही होते. इराक तेव्हा उस्मानी तुर्कांकडे होता. पण ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा तुर्कस्तान त्यात नव्हताच. तो उतरला कसा, याचं उत्तर बऱ्याच अंशी ‘गोबेन’ नावाच्या एका जर्मन युद्धनौकेत सापडतं.

गोबेन आणि तिच्यासोबतची छोटी ‘ब्रेसलाउ’ या दोघी भूमध्य समुद्रात होत्या. ४ ऑगस्टला पहाटे त्यांनी अल्जेरियातल्या फ्रेंच बंदरांवर तोफा डागल्या. त्याच सकाळी दोन मोठ्या ब्रिटिश युद्धनौका त्यांना समोरासमोर भेटल्या. पण ब्रिटनचं जर्मनीशी युद्ध अजून जाहीर झालं नव्हतं, मध्यरात्रीपर्यंत मुदत होती. त्यामुळे ब्रिटिशांना गोळी झाडता येईना, नुसताच पाठलाग. गोबेनच्या बॉयलरमध्ये बिघाड होता, तरी खलाशांनी जीव तोडून कोळसा ओढला आणि ती पुढे निघून गेली.

इटलीच्या मेसिना बंदरात कोळसा भरून अ‍ॅडमिरल सूशॉन पूर्वेला वळला. वाटेत ब्रिटिश अधिकारी ट्रूब्रिज चार क्रूझर घेऊन होता. गोबेनच्या तोफा जास्त लांब मारा करणाऱ्या, म्हणून त्याने ७ ऑगस्टच्या पहाटे पाठलाग सोडला. पुढे त्याच्यावर कोर्ट मार्शल झालं, त्यात तो सुटला. त्याचा वरिष्ठ मिल्न मागून येत होता, तर ऑस्ट्रियाशी युद्ध सुरू झाल्याची चुकीची तार त्याला मिळाली आणि तो मध्येच थांबला. इतक्या मोठ्या नौदलाचा असा गोंधळ! १० ऑगस्टला दोन्ही जहाजं दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीत शिरली.

इस्तंबूलमध्ये लोकांचा ब्रिटनवर राग होताच. तुर्कांनी ब्रिटनमध्ये दोन मोठ्या युद्धनौका बांधायला दिल्या होत्या. त्यासाठी सामान्य माणसांनीही वर्गणी दिली होती. युद्ध सुरू होताना ब्रिटनने त्या स्वतःकडे ठेवून घेतल्या. आता जर्मनीने गोबेन ‘विकली’. तिचं नाव ‘यावूझ सुलतान सलीम’ झालं, जर्मन खलाशांनी डोक्यावर फेझ टोपी चढवली. जहाज तुर्कांचं, हुकूम मात्र सूशॉनचाच.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. एन्वर पाशाच्या गटाने २ ऑगस्टलाच जर्मनीशी गुप्त करार केला होता. पण मंत्रिमंडळात युद्ध नको म्हणणारेही बरेच होते. ही चर्चा सूशॉनने २९ ऑक्टोबरला संपवली. त्याच्या जहाजांनी काळ्या समुद्रात रशियाची बंदरं झोडपली. २ नोव्हेंबरला रशियाने, ५ नोव्हेंबरला ब्रिटन-फ्रान्सने तुर्कस्तानशी युद्ध पुकारलं. सामुद्रधुनी बंद झाल्याने रशियाचा व्यापार गुदमरला. गॅलिपोलीची लढाई त्यातूनच आली.

तुर्कांचा रंग ओळखून इंग्रजांनी पूना डिव्हिजनची पहिली ब्रिगेड ऑक्टोबरातच मुंबईहून बोटीत बसवली होती. ६ नोव्हेंबरला ती इराकच्या फाव इथे उतरली. २२ नोव्हेंबरला बसरा पडलं.

आठच दिवस आधी, १४ नोव्हेंबरला, इस्तंबूलमध्ये जिहादचा पुकारा झाला होता. तुर्कांचा सुलतान हा खलिफाही. त्यामुळे इथल्या मुसलमानांसमोर मोठा पेच उभा राहिला. मराठवाडा ज्यांच्या राज्यात होता त्या हैदराबादच्या निजामाने इंग्रजांशी एकनिष्ठ राहायला सांगितलं, आगा खान यांनीही तेच सांगितलं. बहुसंख्य मुस्लिम शिपाई लढत राहिले. सगळेच नाही. सिंगापूरमध्ये फेब्रुवारी १९१५ मध्ये एका मुस्लिम पलटणीने बंड केलं.

पूना डिव्हिजन जनरल टाउनशेंडच्या हाताखाली बगदादच्या दिशेने सरकत गेली. नोव्हेंबर १९१५ मध्ये लढाई झाली ती सलमान पाक इथे, हजरत सलमान फारसी (र.) यांच्या मजारच्या परिसरात. मुस्लिम शिपायांच्या मनावर तिथे काय ओझं असेल, ते वेगळं सांगायला नको. इंग्रज त्या लढाईला ‘टेसिफोन’ म्हणतात. प्रचंड नुकसान सोसून फौज मागे फिरली आणि तिग्रीस नदीच्या वळणावरच्या कूत गावात अडकली.

वेढा १४७ दिवस चालला. रेशन संपत आलं, घोडे कापले जाऊ लागले. अनेक हिंदी शिपायांनी घोड्याचं मांस खायला नकार दिला. शेवटी हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगी मागवावी लागली. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजार जण शरण गेले, त्यात बहुतेक हिंदी. टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात ठेवलं. साध्या शिपायांना वाळवंटातून पायी चालवलं, कैदेत हजारो मेले.

बगदाद मार्च १९१७ मध्ये इंग्रजांच्या हाती आलं. युद्धानंतर तुर्कस्तानचे तुकडे पडू लागले तेव्हा खिलाफत वाचवण्यासाठी १९१९ मध्ये मुंबईत समिती उभी राहिली. मियाँ मोहम्मद छोटानी तिचे अध्यक्ष होते. पुढे गांधीजी आणि अली बंधूंनी ती चळवळ गावोगाव नेली. मुंबईत भायखळ्याचं खिलाफत हाऊस त्याच काळाची खूण आहे. ईद-ए-मिलादचा जुलूस आजही तिथूनच निघतो.