गिऱ्हाइकाची नोंद

शिरूरला, म्हणजे घोडनदीला, कर्नल वॉलेस या इंग्रज सेनाधिकाऱ्याची कबर आहे. तो १८०९ साली वारला. पुढे गावकऱ्यांनी त्याला सत्पुरुष मानून पूजिले. एकोणिसाव्या शतकात बराच काळ हे घोडदळाचे ठाणे होते. पुणे आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या मोठ्या छावण्यांना जोडणाऱ्या रस्त्यावर शिरूर वसले आहे. दौंडहून अहमदनगरमार्गे मनमाडला जाणारा लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. छावणीला दाणागोटा लागे, वैरण लागे आणि तत्कालीन सरकारच्या हिशेबी स्त्रियाही लागत.

१८६४ च्या छावणी कायद्याखालील नियमांनी आणि १८६८ च्या सांसर्गिक रोगांच्या कायद्याने वेश्यांची नोंदणी व सक्तीची तपासणी आणली. आजारी ठरलेल्या स्त्रीला ‘लॉक हॉस्पिटल’मध्ये ठेवले जाई. तिच्याकडे येणाऱ्या सैनिकाची नोंद मात्र या कायद्याने मागितली नाही. १८८६ च्या लष्करी परिपत्रकाने तर पलटणीच्या बाजारात पुरेशा व आकर्षक स्त्रिया असाव्यात, अशी सूचना केली. ते उघड होताच इंग्लंडात गदारोळ उठला आणि १८८८ साली कायदा रद्द झाला. पुरुषाची मागणी ऊनपावसासारखी नैसर्गिक मानली, की पुरवठ्याची सोय करणे एवढेच काम उरते. त्या स्त्रिया कोठून आणि कोणत्या वाटेने आल्या, हे कोणी विचारीत नाही. मानवी व्यापार नेमका या न विचारलेल्या प्रश्नाच्या आडोशाने वाढतो.

मराठीत हा प्रश्न याच काळात विचारला गेला होता. सुरतच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्याने व्यथित होऊन बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी लिहिलेला ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध १८८२ साली पुण्यात छापला गेला. ‘बिघडलेल्या’ स्त्रीकडे रोखलेले बोट त्यांनी तिला बिघडवणाऱ्या पुरुषाकडे वळवले. आपण हा निबंध स्त्रीवादाचा आरंभग्रंथ म्हणून शिकवतो. मागणीचा पहिला मराठी विचार म्हणूनही तो वाचला पाहिजे.

कायद्याला हे वळण घेण्यास फार वेळ लागला. मुंबई इलाख्याच्या १९२३ च्या कायद्याचा रोख दलाल व कुंटणखाना चालवणाऱ्यांवर होता. १९५६ च्या केंद्रीय कायद्याने गिऱ्हाइकाला काही ठरावीक जागांपुरतेच जबाबदार धरले. स्वीडनने १९९९ साली लैंगिक सेवा विकत घेणे हाच गुन्हा ठरवला. २००० सालच्या संयुक्त राष्ट्रांच्या पालेर्मो मसुद्याने मागणी कमी करणे हे राष्ट्रांचे कर्तव्य मानले. आपल्याकडे २०१३ साली भारतीय दंडसंहितेत कलम ३७० अ आले : व्यापारातून आणलेली व्यक्ती आहे हे जाणून, किंवा तसे मानण्यास कारण असताना, तिचे लैंगिक शोषण करणारा गुन्हेगार ठरला. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे.

येथे एक सावधगिरी हवी. मागणी रोखण्याच्या नावाखाली पुन्हा स्त्रीचीच धरपकड झाली, तर आपण १८६८ कडेच परतू. स्वेच्छेने हा व्यवसाय करणाऱ्या प्रौढ स्त्रियांचाही सन्मान राखला जावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली बजावले आहे. ज्या वाटेने मुली आणल्या जातात, त्या वाटेवर पहारा हवाच. पण त्या वाटेच्या शेवटी दार ठोठावणारा माणूस नोंदवहीत येत नाही, तोवर छावणीचा कायदा रद्द झाला असे म्हणणे धाडसाचे ठरेल.