घ्राणतंत्रिका आणि जननेंद्रियविकास : कालमन लक्षणसमूहाच्या शोधाचा इतिहास

पुरुषाच्या जननेंद्रियांचा विकास अपुरा राहण्यास विविध वैद्यकीय कारणे असतात. कधी वृषणांतच दोष असतो, कधी शरीर टेस्टोस्टेरॉनला प्रतिसाद देत नाही, तर कधी मेंदूकडून वृषणांना आवश्यक तो संदेशच मिळत नाही. प्रस्तुत लेखात या तिसऱ्या कारणातील कालमन लक्षणसमूहाचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे. कारण त्याची खूण प्रथम नोंदविली गेल्यानंतर तिचा अर्थ कळण्यास तब्बल १३३ वर्षे लागली.

इ.स. १८५६ मध्ये स्पॅनिश शरीररचनाशास्त्रज्ञ आउरेलिआनो माएस्त्रे दे सान हुआन यांना एका पुरुषाच्या शवविच्छेदनात घ्राणतंत्रिकांचा अभाव आणि बालकाप्रमाणे लहान राहिलेली जननेंद्रिये एकत्र आढळली. नाकाचा जननेंद्रियांशी संबंध काय, हे तत्कालीन ज्ञानाच्या आधारे सांगता येणे शक्य नव्हते.

१९४४ साली न्यूयॉर्क येथे फ्रान्झ कालमन व सहकाऱ्यांनी तीन कुटुंबांचा अभ्यास करून हा विकार आनुवंशिक असल्याचे प्रतिपादन केले. कालमन हे ज्यू वंशाचे जर्मन मनोविकारतज्ज्ञ; नाझी राजवटीमुळे १९३६ मध्ये त्यांना देशत्याग करावा लागला. तथापि त्याच्या आदल्याच वर्षी बर्लिन येथील परिषदेत त्यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या सौम्य लक्षणे असलेल्या नातलगांचेही निर्बीजीकरण करावे, असा आग्रह धरला होता. ज्या व्याधीत अपत्यप्राप्ती हीच रुग्णाची मोठी चिंता असते, तिला नेमके त्यांचे नाव लाभले!

कोड्याची उकल १९८९ मध्ये झाली. वृषणांना अप्रत्यक्षपणे चालना देणाऱ्या मेंदूतील पेशी मुळात भ्रूणाच्या नाकाच्या जागी जन्मतात व घ्राणतंत्रिकांच्या वाटेने अधोथॅलॅमसकडे स्थलांतर करतात, असे श्वांझेल-फुकुडा व फाफ यांनी उंदरांत दाखविले. या विकाराच्या मानवी गर्भात त्या वाटेतच अडकलेल्या आढळल्या. गर्भावस्थेच्या आरंभी वारेतील संप्रेरकामुळे शिश्न घडते. पुढील वाढीसाठी मात्र गर्भाची स्वतःची पीयूषिका ग्रंथी कार्यरत असावी लागते. म्हणूनच अवयवाची रचना योग्य, परंतु आकार लहान राहतो.

१९९१ मध्ये एक्स गुणसूत्रावरील संबंधित जनुक सापडले. त्यानंतर आणखी अनेक जनुके ज्ञात झाली. आज टेस्टोस्टेरॉनने तारुण्यलक्षणे, तर गोनाडोट्रोपिनच्या इंजेक्शनांनी अनेक रुग्णांत शुक्राणुनिर्मिती साधता येते. तरीही निदान पुष्कळदा विशीपर्यंत लांबते. आपल्याकडे ‘नपुंसक’ हा शब्द शिवीसारखा वापरला जात असल्याने तरुण डॉक्टरकडे जाण्याचेच टाळतो. आणि गेलाच, तर ‘वास येतो का?’ हा साधा प्रश्न त्याला विचारला जाईलच असे नाही.